सांगवीचं झिरो-चार

११ जून, बारामती

बापूसाहेबांनी पोस्टर छापून आणलं. माझ्या अ‍ॅपचं. मला न विचारता. वर डाळिंब, खाली टोमॅटो, मधे हसणारा एक शेतकरी, जो आपल्या तालुक्यातला तर नाहीच, या देशातला तरी असेल का शंका आहे. आणि लाल टपोऱ्या अक्षरांत ‘बॅरल – व्हर्जन ९’.

नऊ. अ‍ॅप अजून ०.३ वर आहे.

विचारलं, नऊ कुठून आले. तर म्हणाले, "माज्या सगळ्या गाड्यांच्या नंबरांची बेरीज नऊ येती. ट्रॅक्टरची बी. तुज्या शून्यानं कोण दुकानात यायचं?"

दुकान त्यांचं. खतं-औषधांचं, इंदापूर रोडला. वरच्या मजल्यावर खताच्या पोत्यांच्या आडोशाला मी आणि कुशल बसतो. जागा फुकट, लाईट फुकट, त्यामुळे नंबरही आपलाच असं त्यांनी धरून चाललंय. अ‍ॅपचं काम साधं आहे. आपल्याकडे एका फवारणीला माणूस चार-चार औषधं एकाच बॅरलमध्ये कालवतो. कोणतं कोणाबरोबर चालतं हे दुकानदार सांगेल ते. आमच्या अ‍ॅपमध्ये दोन नावं टाकायची. हिरवं आलं तर कालवा, लाल आलं तर कालवू नका. बास.

नंबर म्हणजे शब्द दिल्यासारखं असतं. शून्यानं सुरू होतोय तोवर माल कच्चा आहे, मोडेल, बदलेल, त्याच्यावर घर बांधू नका. एक आला की झालं, पूर्ण. हे मी ठरवलेलं नाही, जगातले सगळे प्रोग्रामर असंच मानतात. कुशलला वाटलं होतं साथ देईल. तो म्हणाला, "अव्या, नऊ तर नऊ. कोण मोजायला बसलंय?" हा माणूस इंजिनिअरिंगची चारही वर्षं पूर्ण करून आलाय. मी तिसऱ्या वर्षात सोडलं ते बरंच केलं.

मार्कर घेऊन सगळ्या पोस्टरवरचा नऊ काळा केला. बापूसाहेब दिवसभर बोलले नाहीत. न बोलोत.

१४ जून

आसावरीनं तक्ता आणून दिला. ती खाली दुकानात सल्ल्याला बसते, बी.एस्सी. अ‍ॅग्री आहे, नरसिंहपूरच्या रस्त्याला गाव, तिथून एसटीनं येते. वडील मोहनराव. त्यांची डाळिंबाची बाग सगळ्या इंदापूर तालुक्याला माहीत आहे. कोणतं औषध कोणाबरोबर चालतं याची सगळी माहिती तिची. मी फक्त फोनमध्ये भरणार.

ती म्हणाली, जिथं मला खात्री नाही तिथं मी रिकामं सोडलंय, तू पण रिकामंच ठेव. मी हो म्हटलं. रिकामी घरं अर्ध्याहून जास्त आहेत. प्रोग्राममध्ये रिकामं असं काही दाखवायची सोय सध्या नाही. लाल नसेल ते हिरवं, असं लिहिलंय. पुढच्या खेपेला करीन. ०.४ तर आहे, कच्चंच असणार.

ती खिडकीपाशी बसून कसलं तरी जाडजूड पुस्तक वाचत डबा खाते. मला म्हणाली, तुझं राहिलेलं दीड वर्ष परत जाऊन होतं का रे? मी म्हटलं, हिला माझी काळजी आहे. हे चांगलं लक्षण.

२२ जून

पाठवला मेसेज. तीन दिवस लिहीत होतो.

असा लिहिला: ‘हे आपलं असंच, मनावर घेऊ नकोस, माझंही अजून नक्की नाही, पण तू दुकानात नसलीस की माझं काम होत नाही. बघ काय वाटतं ते. नाही वाटलं तर लिहिलंच नाही असं समज.’

निळ्या खुणा झाल्या. उत्तर नाही.

२३ जून

उत्तर नाही. पण नाही असंही म्हणालेली नाही. आज मला स्वतःहून चहा विचारला.

२ जुलै

बॅरल ०.४ बाहेर काढलं. स्टोअरवर टाकलेलं नाही, फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून देतो. रानात रेंज नसते, म्हणून सगळं फोनमध्येच भरलंय. एकदा घातलं की नेट लागत नाही. हे माझं डोकं. कुशलनंसुद्धा मान्य केलं.

ओळखीच्या थोड्याच लोकांना दिलं. प्रत्येकाला तोंडानं सांगितलं की शून्यानं सुरू होतंय, चाचणीला आहे. सगळ्यांनी मान हलवली. सांगवीचे रतनतात्या म्हणाले, "झिरो-चार. बरं. करून बगतो." त्यांची शेडनेटमध्ये ढोबळी मिरची आहे.

नंबर स्क्रीनच्या कोपऱ्यात बारीक टाकलाय. मोठा टाकला असता तर बापूसाहेबांनी फाडून खाल्लं असतं.

९ ऑगस्ट

महिनाभर काही लिहिलं नाही, कारण ०.५ करत होतो. आता लिहितो, कारण कुणाला तरी सांगितल्याशिवाय डोकं फुटेल.

रतनतात्यांची मिरची यंदा चांगली उतरली. चांगली म्हणजे अशी की कऱ्हाटीपासून माणसं बघायला गेली. प्लॉट राखला त्यांच्या माणसांनी, रोपं चांगली होती, हवामान बरं होतं, पण तात्यांनी सगळ्यांना एकच सांगितलं: फवारणी झिरो-चारनं केली. झालं. ज्यानं त्यानं फाइल मागून घेतली. ज्यानं घेतली त्यानं पाव्हण्याला पाठवली. आज दुकानात एकजण आला, मी ओळखत नाही, कुठला ते माहीत नाही, आणि काउंटरवर बापूसाहेबांना विचारतोय, "ते सांगवीचं झिरो-चार हाय का?"

सांगवीचं. मी केलं, बारामतीत, पोत्यांवर बसून.

बापूसाहेब फुगलेत. नऊ विसरले. आता म्हणतात, नवीन पोस्टर छापू, मोठ्ठा झिरो-चार टाकू. मी सांगितलं की ते कच्चं आहे, ते लोकांच्या हातात जास्त दिवस ठेवायचंच नाही, ०.५ तयार आहे. म्हणाले, चालतंय ते बदलायचं नसतं.

११ ऑगस्ट

०.५ सगळ्या ग्रुपवर टाकलं. यात रिकामं ते रिकामं दाखवतं: राखाडी, आणि खाली ‘माहीत नाही’. आसावरीला दाखवलं. ती म्हणाली, म्हणजे ०.४ मध्ये काय दाखवत होतास? मी म्हटलं, हिरवं, पण ते तात्पुरतं होतं. ती लगेच खाली गेली. मला वाटलं गिऱ्हाईक आलं असेल.

१३ ऑगस्ट

कुणीही घेतलं नाही. एकानंही नाही. गाडी काढली आणि सांगवीला गेलो.

तात्या शेडनेटमध्ये होते. मी शांतपणे सुरुवात केली, म्हणजे माझ्या मानानं शांतपणे. की ०.५ हे ०.४ चंच पुढचं आहे, चुका काढलेलं, आकडा वाढला म्हणजे माल सुधारला. तात्यांनी दोर बांधता बांधता सगळं ऐकून घेतलं.

"ऊस दोनशे पासष्ट लावतो मी," म्हणाले. "उद्या कुणी दोनशे सहासष्ट आनला, तर चालू रान मोडू का? आदी कुनाच्या तरी रानात दिसू दे. दोन-तीन वर्सं."

मी म्हटलं तात्या, ते उसाचं वाण आहे. वाणाचा नंबर म्हणजे नुसतं नाव. याचा नंबर वेगळा, हा वाढत जातो.

"मंग दोनशे पासष्ट बी वाडत जातो का?"

नाही, तो वाढत नाही.

"मंग आमाला वाडनाऱ्या नंबरचं दिऊ नको. थिर असंल ते दे."

याच्यावर काय बोलणार? मी बोललोच. बरंच बोललो. त्यांची सून बाहेर येऊन बघून गेली. शेवटी तात्यांनी एक पिशवीभर मिरची दिली आणि म्हणाले, डोकं तापतंय तुजं, ताक पी.

घरी आलो तर बाबा म्हणाले, काय, भाजी विकायला लागलास का? बाबा बँकेत आहेत, कॅशियर. माझ्या प्रत्येक गोष्टीत त्यांना धंदा बुडताना दिसतो.

१९ ऑगस्ट

आता तर कहर. ज्या दोन-चार जणांच्या गळी ०.५ उतरवलं होतं, त्यांनी ते काढून परत झिरो-चार घातलं. कारण विचारलं तर एकजण म्हणाला, "नव्याला काय येतच न्हाय. कायबी इचारलं की माहीत न्हाय म्हनतंय. जुनं चटकन सांगतंय."

जुनं चटकन सांगतंय, कारण जुनं खोटं सांगतंय. जुन्याला माहीत नसलं तरी ते हिरवं दाखवतं. हे मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मग एवढे दिवस का दिलं? मी म्हटलं, वर शून्य लिहिलं होतं. तो म्हणाला, कुठं?

कुशलचं म्हणणं, घाबरू नको, हिरव्यातली बहुतेक कालवणं खरंच चालणारी असतील. बहुतेक. चार वर्षांचं इंजिनिअरिंग.

आसावरी आठवडाभर नाही. परीक्षा आहे म्हणाली, पुण्याला. कसली ते सांगितलं असेल, मी ०.६ च्या नादात होतो. दुकान ओस वाटतं.

३ सप्टेंबर

मोहनरावांच्या बागेत फळांना चट्टे आलेत.

आसावरीनं फोटो पाठवले, खाली एक शब्दही नाही. लिंबाएवढी, पेरूएवढी झालेली फळं, आणि त्यांच्या गालावर तपकिरी भाजल्यासारखे डाग. मी विचारलं, काय मारलं होतं. तिनं दोन नावं पाठवली. तांब्याचं बुरशीनाशक, आणि बापूसाहेबांच्याच दुकानातलं नवीन आंबट टॉनिक. फोन काढून ०.४ वर टाकून बघितलं.

हिरवं.

०.५ वर टाकलं. माहीत नाही.

मोहनरावांकडे ०.४ कुणी दिलं? मी नाही. आसावरी नाही, तिनं तर घरी सांगितलं होतं की अजून वापरू नका. दिलं त्यांच्या मेव्हण्यानं, आणि मेव्हण्याला मिळालं सांगवीच्या लग्नात. ती परीक्षेला पुण्यात होती, त्याच आठवड्यात फवारणी झाली.

४ सप्टेंबर, नरसिंहपूर रस्ता

सकाळीच गेलो. वाटेत सगळं पाठ केलं होतं. की चाचणीचा माल चाचणीचा म्हणूनच दिला होता, तो मी त्यांना दिलेला नाही, आणि टॉनिकच्या बाटलीवर तरी कुठे लिहिलंय की तांब्याबरोबर चालत नाही.

मोहनराव बांधावर होते. ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला बरं पडलं असतं, मला भांडता येतं. बागेत नेलं. झाडाझाडाला हात लावून दाखवलं. वरच्या अंगाची फळं वाचलीत, जिथं फवारा दाट बसला तिथली गेली. बाहेर पाठवायचा माल होता तो. आता गावच्या बाजारात जाईल, तोही कुणी हातात घेतला तर. त्यांच्या मालाकडे बघून बाकीचे लोक आपल्या बागेचा अंदाज घेतात. गेली कित्येक वर्षं असं आहे.

मी फोन काढून कोपऱ्यातला ०.४ दाखवला. म्हटलं, हा शून्य म्हणजे अजून कच्चं.

त्यांनी खिशातनं चष्मा काढला, लावला, फोन लांब धरला, जवळ धरला.

"एवडुसा शून्य," म्हणाले. "आन् हिरवा केवडा."

मग चष्मा काढला. "पोरीनं रिकामं सोडलंवतं म्हनती. तितं हिरवं कुनी भरलं?"

मी म्हटलं, प्रोग्राममध्ये तशी सोय नव्हती. त्यांनी चष्मा खिशात ठेवला. मला चहा दिला. आसावरी घरातून बाहेर आलीच नाही. निघताना दारात तिची चप्पल होती.

५ सप्टेंबर

बापूसाहेब म्हणतात, ऊन लागलं म्हणायचं. डाळिंबाला ऊन लागतंच. टॉनिकचं नाव तोंडातून काढायचं नाही.

मी आवाज चढवला. त्यांनीही चढवला. खालची दोन गिऱ्हाइकं वर आली बघायला.

८ सप्टेंबर

तोड सापडली असं वाटलं होतं.

प्रश्न एवढाच आहे की ०.४ शेकडो फोनांत बसलंय आणि मला इथून ते बंद करता येत नाही. नेट लागत नाही ना, माझंच डोकं. मोसमाची फवारणी सगळीकडे चालू आहे. नवीन नंबर कुणी घेत नाही. ठीक. मग नवीन माल जुन्या नावानं द्यायचा. आतून ०.६, वरून ०.४. ‘सांगवीचं खरं झिरो-चार’ म्हणून सोडून द्यायचं, आपोआप पसरेल. कुशलनं पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

मला स्वतःला हे किती लागलं ते मलाच माहीत. एका नंबराखाली एकच माल, हे मी कधी मोडलेलं नाही. याच्यासाठी मार्करनं पोस्टरं काळी केली. पण बागा वाचत असतील तर नंबर गेला खड्ड्यात.

आसावरी आज पहिल्यांदा दुकानात आली. जिन्यात गाठून सांगितलं. वाटलं, खूश होईल.

ती म्हणाली, "बियाण्याच्या पिशवीत दुसरं बी भरून विकतात, त्याला काय म्हणतात? दुकानातच बसतोस की."

मी म्हटलं, बोगस. पण हे चांगल्यासाठी आहे.

"पहिल्यांदा चांगलंच भरतात."

मग मी काय करू, असं मी जरा जोरात विचारलं. शून्य लिहिलं होतं, तोंडानं सांगितलं होतं, आणखी काय करायचं असतं माणसानं?

ती एक पायरी खाली होती. वर आली. "तुझं सगळंच शून्यानं सुरू होतं, अविराज. म्हणजे बिघडलं की शून्याकडे बोट दाखवायला मोकळा. कॉलेज तसंच. तो मेसेज तसाच. ‘मनावर घेऊ नकोस’ असं लिहून पाठवलंस. मी नाही घेतलं मनावर. आणखी काय उत्तर द्यायचं होतं त्याला?"

आणि गेली.

हे दोन संपूर्ण वेगळे विषय आहेत. अ‍ॅपचा नंबर आणि तो मेसेज, यांचा एकमेकांशी काहीएक संबंध नाही. बायका भांडताना सगळं एकत्र कालवतात.

९ सप्टेंबर

मेसेज परत वाचला. सगळा पुसला. माझ्याकडचा. तिच्याकडचा पुसता येत नाही.

१० सप्टेंबर

मोहनरावांचा फोन. एवढंच म्हणाले की येत्या रविवारी बागेत शिवारफेरी ठेवलीय, चार गावची माणसं येतील, तुला यावं लागेल.

शिवारफेरी म्हणजे एखाद्याच्या रानात काही चांगलं पिकलं की त्यानं लोकांना बोलावून दाखवायचं. नवीन वाण असंच पसरतं. बिघडलेलं दाखवायला कुणी शिवारफेरी ठेवल्याचं मी ऐकलेलं नाही. मोहनरावांनी तर नाहीच. मी विचारलं, कशाला काका, तुमची शोभा होईल. ते म्हणाले, लोकांनी वाण रानात बघून घेतलंय, आता सोडायचं तेपण रानात बघूनच सोडतील.

आईनं विचारलं, रविवारी एवढा इस्त्रीचा शर्ट कशाला. बाबा म्हणाले, नोकरीची मुलाखत असेल. असं म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जी आशा आली ती बघून मी काही बोललो नाही.

१४ सप्टेंबर

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या मीच वेगळं सांगेन.

माणसं खूप होती. टोप्या, मोटरसायकली, दोन जीप. रतनतात्या सांगवीहून आले होते. बापूसाहेबांची गाडी पण आली, पण ते काच वर करून आतच बसले. आसावरी मागे, शेवटच्या ओळीत, बायकांत.

मोहनरावांनी भाषण केलं नाही. एक डागाळलेलं फळ तोडलं, चाकूनं कापलं, आणि अर्धं अर्धं पुढच्या दोघांच्या हातात दिलं. म्हणाले, हे सांगवीच्या झिरो-चारचं फळ. मी हिरवं बघून फवारलं. आता ज्यानं ते केलंय तो बोलंल.

बोलायला उभा राहिलो. पण पाठ केलेलं एकही वाक्य आलं नाही. मी म्हटलं, मला ज्या औषधांचं माहीत नव्हतं तिथं मी हिरवं दाखवलं. माहिती देणारीनं रिकामं सोडलं होतं. हिरवं मी भरलं. ते चूक आहे हे मला तेव्हाच ठाऊक होतं, मी पुढच्या खेपेवर ढकललं.

पुढचे दोघं हातातल्या फळाचा वास घेऊन बघत होते.

रतनतात्या पुढे आले. माझ्याकडे नाही, फळाकडे. अर्धं फळ उलटंसुलटं करून बघितलं. "माज्या मिर्चीला कसं काय न्हाय झालं?"

मी म्हटलं, तात्या, तुम्ही ती दोन एकत्र मारली नाहीत. तुमचं नशीब.

हे बोलायला नको होतं. तात्यांचा चेहरा उतरला. महिनाभर गावोगाव सांगत होते ते, आता नशीब म्हटल्यावर काय राहिलं? पण त्यांनीच पहिल्यांदा फोन काढला. नातवाला म्हणाले, हे काड. नातवानं काढलं. मग एकेकानं. ज्यांना काढता येत नव्हतं त्यांचे फोन माझ्याकडे आले. हातात फोनांचा ढीग. एकाच्या फोनवर बायकोचा फोन येत होता, तो मी घेतला, तिला वाटलं मी तिचा नवरा, तिनं मला शिव्या दिल्या. लोक हसले. पहिल्यांदा.

मग कुणीतरी मागून विचारलं, "आन् नवं पूर्न झालंय का?"

नाही, म्हटलं.

"कदी होनार?"

दरवर्षी बाजारात नवीन औषध येतं. ते पूर्ण होणारच नाही.

"मंग काय उपेग? बिगडलं तर धरायचं कुनाला?"

मी म्हटलं, मला.

मान वळवून बघितलं तर आसावरी चहाचे कप गोळा करत होती. ऐकलं की नाही कळलं नाही.

बापूसाहेबांची गाडी कधी गेली तेही कळलं नाही.

१६ सप्टेंबर

बापूसाहेब दुकानात मला बघून म्हणाले, "त्या टॉनिकच्या पेट्या मागं लाव. परत पाठवायच्यात." एवढंच. वरची खोली रिकामी करा असं म्हणाले नाहीत. लाईट मात्र आज दोनदा बंद केली. चुकून, म्हणे.

२१ सप्टेंबर

नवीन बॅरल गेलं. नंबर १.०.

कुशल चिडला. हसू आलं मला. तो म्हणतो, आयुष्यभर तू डोकं खाल्लंस की एक म्हणजे पूर्ण, आणि आता अर्ध्या खान्यांत ‘माहीत नाही’ लिहिलेलं असताना एक? हे काय लॉजिक आहे?

मी म्हटलं, जे माहीत नाही ते माहीत नाही असं सांगतं, तेवढं तर नक्की करतं ना.

"आणि हे काय?" म्हणाला. पहिल्याच पानावर, हिरव्याएवढ्याच मोठ्या अक्षरांत, माझा मोबाईल नंबर टाकलाय. अविराज, बारामती. कुशल म्हणाला, लोक तुला झोपू देणार नाहीत. तुझं पण नाव टाकू का विचारलं तर म्हणाला, नको, तुझंच बरं दिसतंय.

२४ सप्टेंबर

झोपू देत नाहीत. पहाटेपासून सुरू होतात. अ‍ॅप बघत नाहीत, फोनच करतात. मग अ‍ॅप कशाला केलं? एकानं विचारलं गाईला जुलाब होतायत. मी म्हटलं काका, हे फवारणीचं आहे. तो म्हणाला, मग कुणाला विचारू? मला काय माहीत?

किती जणांनी घेतलंय ते मोजता येत नाही. फार नसावेत. रतनतात्यांनी घेतलेलं नाही. कुणाच्या तरी रानात दिसू दे, म्हणाले.

३० सप्टेंबर

आसावरी दुकान सोडतेय. राहुरीच्या कृषी विद्यापीठात एम.एस्सी.ला नंबर लागलाय. कुशलला माहीत होतं, बापूसाहेबांना माहीत होतं, खालच्या हमालाला माहीत होतं. जाडजूड पुस्तक, पुण्याची परीक्षा, हे सगळं माझ्यासमोर होत होतं. मला कसं कुणी सांगितलं नाही?

कुशल म्हणाला, परीक्षा देणार हे तिनं तुलाच सगळ्यात आधी सांगितलं होतं, जूनमध्ये. तू म्हणालास, बरं बरं, आणि तक्ता मागितलास.

६ ऑक्टोबर, इंदापूर स्टँड

इथंच बाकावर बसून लिहितोय, घरी जाईपर्यंत राहणार नाही.

मोहनराव तिला सोडायला आले होते. मला बघून त्यांना काही वाटलं असेल तर दिसलं नाही. गाडी लागायला वेळ होता. ते म्हणाले, पाण्याची बाटली आणतो, आणि गेले. पाण्याची टपरी समोरच होती. ते स्टँडच्या पार पलीकडे गेले, तिथं उसाच्या रसवाल्याशी बोलत उभे राहिले. बाटलीला एवढा वेळ लागतो का?

मी तिला सांगितलं. या वेळी ‘असंच’ नाही, ‘मनावर घेऊ नकोस’ नाही. एवढंच म्हटलं की मला तू आवडतेस, लग्न करायचं म्हणतोय, आणि डिसेंबरात कॉलेजचा फॉर्म भरणार आहे पण ते त्यासाठी नाही.

तिनं ऐकलं. बॅगेचा पट्टा हाताला गुंडाळला, सोडला.

"आता विचारलंस," म्हणाली. आणि मग, "मला दोन वर्षं शिकायचंय. त्याच्या पुढचं आत्ता काही बोलले तर ते खोटं होईल."

म्हणजे व्हय का न्हाय, असं माझ्या तोंडून अगदी आमच्या आजोबांसारखं निघालं.

तिला हसू आलं. "मला माहीत नाही," म्हणाली. "हिरवं भरू नकोस."

मोहनराव बाटली घेऊन आले. गाडी आली. तिची खिडकी पलीकडच्या बाजूला होती, म्हणून हात हलवला का नाही ते दिसलं नाही. मोहनरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, काढला, आणि गेले.

आत्ता, हे लिहितानाच, फोन आला. कऱ्हाटीचे कुणी दीपक जगताप. वांग्यावर मारायचंय, दोन औषधं आहेत, अ‍ॅप माहीत नाही म्हणतंय, तुम्हीच सांगा. नावं ऐकली. मला पण माहीत नाही. तसं सांगितलं. ते म्हणाले, मग तुमचा नंबर कशाला दिलाय?

चिडायला आलं होतं. सांगितलं, दोन्ही थोडी थोडी बाटलीत कालवा, हलवा, आणि ठेवून बघा दुधासारखं फाटतं का. नाही फाटलं तरी आज एकाच झाडावर मारायचं, बाकीचं नंतर.

"किती वेळ बगायचं?"

जरा वेळ, म्हटलं. तुम्ही बघा. मी आहे फोनवर.

पलीकडे बाटली खळखळतेय. इकडे बारामतीची गाडी लागलीय आणि कंडक्टर माझ्याकडे बघून येतोस का विचारतोय. मी मानेनंच नाही म्हटलं.